वर्दीआधी लेझर: आधी जाहिरात वाचा, मग डोळे दाखवा

अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर पोलीस भरतीची तयारी पहाटे पुळणीवर सुरू होते. पुळणीवर धाव, संध्याकाळी गोळाफेक आणि रात्री अंकगणित-बुद्धिमत्तेचे सराव पेपर, असा मुलामुलींचा दिवस जातो. २०२४ च्या भरतीत राज्यभर १७,४७१ जागा होत्या आणि मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. मैदान ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची. त्यांची तयारी वर्षभर चालते. डोळ्यांचा विचार मात्र मेडिकल तोंडावर आली की होतो. मग ग्राउंडवरचाच कुणी सल्ला देतो, "लेझर मारून ये, नंबर गेला की विषय संपला."

हा सल्ला अर्धाच खरा आहे. नंबर बहुतेक वेळा जातो. पण पुढचं काम होईल की नाही, हे तुम्ही कोणत्या दलात जायचं ठरवलं आहे त्यावर अवलंबून असतं. काही भरतींत लेझरमुळे वाट मोकळी होते, तर काही भरतींत त्याच लेझरमुळे कायमची बंद होते. एकदा घासलेलं बुबुळ पूर्ववत होत नाही, त्यामुळे हा निर्णय नीट क्रमानं घ्यायला हवा.

६/६, ६/९, ६/१२ म्हणजे काय?

डोळे तपासायचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञानं १८६२ मध्ये तयार केला. तक्ता सहा मीटरवर ठेवतात. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ दिसते ती तुम्हालाही दिसली, तर दृष्टी ६/६. निरोगी डोळा जी ओळ बारा मीटरवरून वाचतो, ती वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागत असेल, तर ६/१२. जवळची दृष्टी एन-६, एन-९ अशी मोजतात. आकडा जितका लहान, तितकं बारीक अक्षर वाचता येतं.

हे आकडे आणि चष्म्याचा नंबर यांत गल्लत करू नका. उणे अर्धा किंवा उणे पाऊण नंबर असलेली बरीच मुलं चष्मा न लावता ६/९ किंवा ६/१२ पर्यंत वाचतात. भरतीचा निकष दृष्टीत दिलेला असतो, नंबरात नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे गेल्यावर चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगवेगळी लिहून मागा. पुढचे सगळे निर्णय या चार आकड्यांवर घ्यायचे आहेत.

लेझर नेमकं करतं काय?

लघुदृष्टीत, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याच्या दोषात, डोळ्याचा गोळा बहुधा थोडा लांबट असतो. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. लेझर गोळ्याची लांबी कमी करत नाही. ते समोरच्या पारदर्शक बुबुळाची, म्हणजे कॉर्नियाची, मधली बाजू किंचित चपटी करतं आणि प्रतिमा पडद्यावर आणतं.

यासाठी वापरतात तो एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरींचा असतो. हे किरण आजूबाजूचा भाग न भाजता ऊतीचा अत्यंत पातळ थर काढू शकतात, हे अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी २७ नोव्हेंबर १९८१ रोजी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर हा प्रयोग केला. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स वाइन हे त्यांचे सहकारी. पुढे ही पद्धत डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाती आली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया थोडक्यात आटोपते. डोळ्यात बधिरतेचे थेंब घालतात आणि पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावतात. लॅसिक या पद्धतीत बुबुळाचा पापुद्रा कापताना डोळ्यावर कडं दाबून बसवतात, तेव्हा काही क्षण अंधारून येतं. मग वरच्या लुकलुकत्या ठिपक्याकडे पाहत राहायचं. यंत्राचा टकटक आवाज येतो, जळल्यासारखा वास येतो. लेझर डोळ्यावर चालतं ते जेमतेम काही सेकंद. टाका नाही, इंजेक्शन नाही. त्याच दिवशी घरी सोडतात.

तीन पद्धती, आणि पोलिसाला कोणती?

पीआरके ही जुनी पद्धत. यात बुबुळावरची नाजूक साल काढून थेट लेझर देतात आणि वर पट्टीसारखी लेन्स ठेवतात. साल पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. नजर पक्की स्थिर व्हायला एक ते तीन महिने लागू शकतात.

लॅसिकमध्ये बुबुळाचा साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, खाली लेझर देतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुखणं कमी असतं आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसू लागतं. पण तो पापुद्रा मूळ ताकदीनं कधीच चिकटत नाही. डोळ्यावर जोरदार मार बसला तर वर्षांनंतरही तो सरकल्याची उदाहरणं आहेत.

स्माइल ही नवी पद्धत. यात पापुद्रा नसतो. बुबुळाच्या आतच ऊतीची पातळ चकती कापून बारीक छेदातून बाहेर काढतात.

दंगलीचा बंदोबस्त, झटापट, कबड्डी किंवा कुस्ती ज्यांच्या रोजच्या आयुष्यात आहे, त्यांच्यासाठी पापुद्रा नसलेली पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. पोलिसात जायचं आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यावरून पद्धत बदलू शकते.

कोणत्या भरतीत काय चालतं?

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं: सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांच्या शिपाई भरतीत दूरची दृष्टी चांगल्या डोळ्याची ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, जवळची एन-६ आणि एन-९. हे सगळं कोणत्याही दुरुस्तीशिवाय. उपनिरीक्षकाच्या जाहिरातीत तर चष्म्याबरोबर दृष्टी सुधारणारी कोणतीही शस्त्रक्रिया चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे इथे लेझर केलेला ६/६ डोळासुद्धा अपात्र.

दिल्ली पोलीस शिपाई: ही भरती देशभरातल्या उमेदवारांना खुली असते. इथे दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/१२ पुरते, पण शस्त्रक्रिया चालत नाही. लेझर पुरेशा चौकशीविना केलं तर काय होतं, हे इथे कळतं. उणे पाऊण नंबराचा एखादा मुलगा आहे त्या डोळ्यांनी पात्र ठरला असता. घाईनं लेझर केलं, नजर ६/६ झाली आणि तो बाद झाला.

भारतीय पोलीस सेवा: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून येणाऱ्यांना चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि लॅसिकसारखी शस्त्रक्रिया या दुरुस्त्या मान्य आहेत. शस्त्रक्रिया झालेल्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञांचं खास मंडळ करतं.

सैन्यदल: थलसेनेच्या अधिकारी भरतीत लेझर चालतं, पण अटींवर. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० च्या वर, त्यानंतर किमान बारा महिने झालेले, बुबुळाची जाडी ४५० मायक्रॉनहून कमी नाही आणि डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही.

परदेशातली रीत वेगळी आहे. इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांत लेझरनंतर सहा आठवडे उलटले, त्रास नसला आणि बाकी दृष्टीचाचण्या पार केल्या, तर उमेदवाराला घेतात. इंटरनेटवर वाचलेला "पोलिसात लेझर चालतं" हा दिलासा अनेकदा अशा परदेशी नियमांवरून आलेला असतो.

रायगडच्या उमेदवारानं कुठे विचारायचं?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरती घटकवार होते. रायगड घटकाचं मुख्यालय अलिबागला. उरण आणि पनवेल जिल्ह्यानं रायगडात, पण पोलीस हद्दीनं नवी मुंबई आयुक्तालयात. त्यामुळे तिथल्या मुलांना अर्ज कुठे करायचा याचा वेगळा विचार करावा लागतो, कारण एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो.

मैदान, लेखी, कागदपत्रांची पडताळणी आणि निवड यादी हे टप्पे पार पडल्यावर नियुक्तीपूर्वी शासकीय रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते. डोळ्यांचा प्रश्न इतक्या उशिरा पुढे येतो की अपात्र ठरल्यास वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून लेझरचे पैसे भरण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतलं आणि सेवाप्रवेश नियमांतलं वैद्यकीय कलम स्वतः वाचा. क्लासमधल्या ऐकीव माहितीवर थांबू नका.

शंका उरली तर माहितीचा अधिकार आहेच. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत येणं अपेक्षित असतं. अर्जात "माझं लेझर चालेल का?" असं विचारू नका, कारण या कायद्यात सल्ला मिळत नाही, कागद मिळतो. "शिपाई पदाच्या वैद्यकीय तपासणीत लागू असलेल्या दृष्टीच्या निकषांची आणि दृष्टिदोष शस्त्रक्रियेबाबतच्या आदेशांची प्रत द्यावी," असं मागा.

लपवलं तर?

लपत नाही. स्लिट लॅम्पच्या उभ्या प्रकाशपट्टीत तज्ज्ञाला पापुद्र्याची गोल कड दिसू शकते. पीआरके किंवा स्माइलची खूण साध्या तपासणीत दिसली नाही, तरी बुबुळाचा नकाशा काढणारं टोपोग्राफी यंत्र मधला चपटा भाग दाखवून देतं. तपासणीच्या फॉर्मवर "पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का?" हा प्रश्न असेल, तर तिथे खोटं लिहिणं हा डोळ्याच्या दोषाहून मोठा दोष. नोकरी लागल्यानंतर उघड झालं तर तीही जाऊ शकते.

वय, नंबर आणि घाई

अठरा पूर्ण झाली की लेझर करता येतं, पण नंबर तेवढ्यात थांबतोच असं नाही. कॉलेजच्या वयात अनेकांचा नंबर वाढत असतो. किमान वर्षभर नंबर जवळजवळ तसाच राहिला, तरच शस्त्रक्रिया करतात. वाढत्या नंबरावर लेझर केलं, तर दोन वर्षांत चष्मा परत येऊ शकतो.

राज्याच्या शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ आहे. एकोणिसाव्या वर्षी एक भरती हुकली, तरी हातात पुढची वर्षं असतात. मेडिकलच्या महिनाभर आधी लेझर करणं हा सर्वांत वाईट मुहूर्त. किमान सहा महिने, शक्य असल्यास वर्षभर अंतर ठेवा. तेवढ्यात नजर स्थिर होते आणि कोरडेपणा ओसरतो.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर बदलू शकतो, म्हणून त्या काळात लेझर करत नाहीत.

कोणाला डॉक्टर नाही म्हणतात?

बुबुळाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. एका नंबरासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. पापुद्रा ११० धरला आणि नंबर उणे ४ असेल, तर ५४० मधून ११० आणि ६० वजा जाता ३७० उरतात. खाली किमान २५० उरायलाच हवेत, म्हणून हे ठीक. पण जाडी ४८० आणि नंबर उणे ७ असेल, तर उरतात २६५. इतक्या काठावर सावध डॉक्टर लॅसिक करणार नाहीत.

दुसरी अडचण केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार. डोळे सतत चोळण्याची सवय, अॅलर्जी, वरचेवर बदलणारा सिलिंड्रिकल नंबर हे त्याचे इशारे असू शकतात. अशा डोळ्यावर लेझर केलं तर बुबुळ आणखी ढासळतं. म्हणून टोपोग्राफी केल्याशिवाय तारीख देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. तपासणीआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर मोजमाप चुकतं.

लेझरनं काय बदलत नाही?

रंगांधळेपणा जात नाही. तो पडद्यातल्या पेशींचा जन्मजात दोष आहे आणि लेझर चालतं बुबुळावर. ठिपक्यांतून आकडा ओळखायची इशिहारा चाचणी १९१७ पासून वापरात आहे, ती लेझरनंतरही तशीच द्यावी लागते. सागरी पोलिसाला हे रंग रोजच लागतात. रात्री समोरच्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. बोट कुठे वळते आहे ते त्यावरूनच कळतं.

मोठ्या नंबराच्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो आणि नंबर गेला तरी तो तसाच राहतो. शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. पुढेही डोळ्यासमोर अचानक चमक किंवा काळे ठिपके आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लेझर केलेल्यांनाही लागतो.

किनाऱ्यावरची नोकरी, किनाऱ्यावरची काळजी

१९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या बोटीत एके-४७ रायफली सापडल्या. जिल्ह्यातल्या मांडवा, दादर, दिघी इथे सागरी पोलीस ठाणी आहेत. इथे पोलिसाची नजर लागते ती बहुधा रात्री आणि लांबवर.

लेझरनंतर पहिले काही महिने रात्री दिव्याभोवती वलय दिसणं, समोरच्या हेडलाइटनं डोळे दिपणं हे त्रास होऊ शकतात. बहुतेकांचे कमी होतात, काहींचे उरतात. रेवस रस्त्यावरच्या नाकाबंदीत समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर वाचायचा आहे, हे लक्षात घेऊन मोठ्या बाहुलीच्या उमेदवारानं याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं.

शस्त्रक्रियेनंतर घरी परतताना लाँचच्या उघड्या डेकवर बसू नका. खारा वारा आणि तुषार थेट डोळ्यात जातात. समुद्र, विहीर किंवा तलावात पोहणं डॉक्टर सांगतील तितके आठवडे, सहसा महिनाभर, बंद. पुळणीवरची धावही थांबवा. वाऱ्यानं उडालेला कण डोळ्यात गेला की हात आपोआप डोळ्याकडे जातो, आणि चोळणं हेच सर्वांत घातक. पीआरके झालेल्यांनी उन्हात गॉगल कटाक्षानं लावावा. अतिनील किरणांनी बुबुळावर धूसर डाग धरू शकतो. स्टेरॉइडचे थेंब ठरलेल्या दिवशी बंद करा. मनानं चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो.

खर्च आणि विमा

लेझरची सोय पनवेल, नवी मुंबई, मुंबई, पुण्याकडे आहे. दोन्ही डोळ्यांचा खर्च पद्धतीनुसार काही दहा हजारांपासून लाखाच्या वर जातो. आरोग्य विम्यावर विसंबू नका. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबराच्या दुरुस्तीचा खर्च वगळता येतो, आणि भरतीच्या बहुतेक मुलांचा नंबर त्याहून कमीच असतो.

ठरवायचा क्रम

पहिलं, कोणत्या दलात जायचं आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकाचं वैद्यकीय कलम लेखी मिळवा.
दुसरं, चष्म्याशिवायची दृष्टी मोजून घ्या. ती निकषात बसत असेल, तर भरती होईपर्यंत डोळ्याला हात लावू नका.
तिसरं, यादीत केंद्रीय दल किंवा दिल्ली पोलीस असेल, तर लेझर म्हणजे त्या भरतींवर पाणी सोडणं. ते मान्य असेल तरच पुढे जा.
चौथं, वर्षभराच्या अंतरानं काढलेले दोन नंबर, टोपोग्राफी आणि पडद्याची तपासणी हातात असल्याशिवाय तारीख घेऊ नका.
पाचवं, शस्त्रक्रियेआधीचा नंबर, बुबुळाची जाडी, डोळ्याची लांबी, पद्धत आणि तारीख यांचे कागद जपून ठेवा. मंडळानं मागितले तर हेच दाखवावे लागतील.

शेवटच्या आठवड्यात कुणी डोळ्याचे व्यायाम, मध, गुलाबपाणी किंवा रात्री घालून सकाळी काढायच्या लेन्स सुचवेल. पहिल्या तीन गोष्टींनी नंबर जात नाही, आणि त्या लेन्सचा परिणाम तात्पुरता असतो. शिवाय टोपोग्राफीत तोही दिसतो. पाच हजार रुपये अॅडव्हान्स भरून तारीख घेण्याआधी दहा रुपयांचा माहितीचा अर्ज टाका. उत्तराला महिना लागेल. तेवढा महिना थांबा.